पावसाळ्यात बसणारा अगेव्ह: कुंडीच्या जागेपासून गाभ्यापर्यंत तपासणीचा क्रम

जुलैच्या अखेरीपासून चतुर्थीच्या साफसफाईपर्यंतच्या दिवसांत माझ्याकडे दरवर्षी एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते: मे महिन्यापर्यंत दगडासारखा घट्ट असलेला कुंडीतला अगेव्ह एका आठवड्यात बसला. अगेव्ह म्हणजे कुंपणाला लावतात त्या घायपाताची शोभेची भावंडे. फोंडा तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत आणि गच्चीवर मी ती बारा पावसाळे वाढवली आहेत, आणि स्वतःची व शेजारपाजारची मिळून इतकी झाडे उपटली, कापली, वाळवली आणि पुन्हा लावली आहेत की दोषाची जागा आता बहुधा दोन-चार प्रश्न विचारतानाच सापडते. 'एका आठवड्यात' हे मात्र मला मान्य नाही. ऑगस्टमध्ये दिसणाऱ्या कुजीचे कारण बहुतेक वेळा मे महिन्यात, कुंडी भरताना आणि ठेवताना, घडलेले असते. म्हणून पुढील तपासण्या औषधापासून नव्हे, तर कुंडीच्या जागेपासून सुरू होतात.

लक्षणे

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे माती ओली असतानाही पानांवर सुरकुत्या पडणे आणि पाने आतल्या बाजूला दुमडणे. पाहणाऱ्याला झाड तहानलेले वाटते, तो आणखी पाणी घालतो आणि झाडाचा शेवट जवळ आणतो. वास्तविक मुळे मेल्यामुळे पायाशी असलेले पाणीच झाडाला ओढता येत नसते. त्यानंतर, किंवा त्याच सुमारास, खालची पाने बुंध्यापाशी पिवळसर, अर्धपारदर्शक आणि लिबलिबीत होतात व हलक्या ओढीने निसटून येतात. झाडाला बोट लावून हलवले तर ते कुंडीत डुलते, कारण त्याला धरून ठेवणारी मुळे उरलेली नसतात. ही तिन्ही लक्षणे मूळकुजीची आहेत.

गाभ्याची कूज वरून सुरू होते आणि तिची चाल अधिक वेगवान असते. मधला कोंब, म्हणजे न उघडलेल्या पानांची टोकदार गुंडाळी, तळाशी तपकिरी पडतो, ओढल्यास सरळ हातात येतो आणि त्याला कुजक्या बटाट्यासारखा वास येतो. याशिवाय पानांवर खोलगट, काळपट, गोलसर डाग पडून दमट हवेत त्यांवर नारिंगी-गुलाबी बारीक ठिपके दिसत असतील, तर तो करपा होय. तो झाडाला विद्रूप करतो, पण एकटा क्वचितच मारतो. पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके असणे हे पिठ्या ढेकणाचे लक्षण आहे.

काही दृश्ये आजारासारखी दिसतात, पण आजार नसतात. सर्वांत खालची दोन-चार पाने कागदासारखी वाळून कुंडीच्या कडेवर पडली असतील, तर ती म्हातारी झालेली पाने आहेत. ऑक्टोबरमध्ये ढग सरल्यावर पानांच्या एकाच बाजूला, बहुधा नैऋत्येकडील, पांढुरके कोरडे चट्टे उमटले, तर ते उन्हाचे भाजणे आहे. चार महिने अंधुक उजेडाला सरावलेल्या पानांवर थेट ऊन पडल्याचा तो परिणाम असतो, त्याला वास नसतो आणि तो भाग घट्टच राहतो. तिसरे दृश्य एकदा मलाही चकवून गेले. एका परिचितांकडे दहा-बारा वर्षांचे झाड खालून सुकत होते आणि मधला कोंब विचित्र जाड झाला होता. त्यांनी त्यात महिनाभर बुरशीनाशक ओतले, मीही आणखी एकदा ओतायला सांगितले, आणि पुढच्या पंधरवड्यात त्या कोंबातून फुलोऱ्याचा दांडा वर निघाला. अगेव्हच्या बहुतेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात आणि त्यानंतर ते फुललेले झाड मरते. दांडा येत असेल, तर झाड वाचवण्याचा विचार सोडून बुडाशी आलेली पिल्ले किंवा दांड्यावर धरलेली रोपे जपावीत.

आपल्याकडेच हे इतके का होते

पुण्याहून आणलेली रोपे इथे मरतात म्हणून पुण्याच्या रोपवाटिकांना दोष दिला जातो, पण मुख्य कारण हवामानाचे आहे. पुणे शहरात वर्षाला सुमारे ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्याच्या किनारी भागात तो ३००० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि वाळपईसारख्या घाटपायथ्याच्या भागात त्याहून पुष्कळ अधिक, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अगेव्हचे माहेर मेक्सिको, आणि तिथल्या उंच पठारांवरही पाऊस साधारण याच महिन्यांत पडतो, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणजे 'वाळवंटी झाड, त्याला पावसाळ्यात पाणी चालतच नाही' ही समजूत बरोबर नाही. अगेव्ह उबदार पावसाळी दिवसांतच जोमाने वाढतो. फरक असा की तिथे दुपारची सर येऊन जाते, उतारावरची खडकाळ जमीन दुसऱ्या दिवसापर्यंत कोरडी होते आणि रात्री थंड असतात. आपल्याकडे मृग लागल्यापासून माती वाळण्याची पाळीच येत नाही, हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या घरात असतो आणि रात्रीचे तापमान २४ अंशांच्या आसपास टिकून राहते, जे कुजीच्या बुरशांना अत्यंत सोयीचे आहे.

यात झाडाच्या स्वतःच्या रचनेची भर पडते. अगेव्ह आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून ठेवतो आणि रात्री उघडतो, म्हणून तो एरवीच फार थोडे पाणी हवेत सोडतो. दमट रात्री ते प्रमाण आणखी घटते. जास्वंदीची कुंडी एका उघडिपीत जितके पाणी संपवील, तितके संपवायला अगेव्हला कित्येक दिवस लागतात. तोपर्यंत मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरलेल्या राहतात, मुळांची टोके गुदमरून मरतात आणि त्या मेलेल्या टोकांतून फायटोफ्थोरा, पिथियम, फ्युझेरियम यांसारख्या बुरशा आत शिरतात. पोफळीच्या कोळेरोगामागे जी फायटोफ्थोरा असते तिचीच ही बिरादरी. फायटोफ्थोरा आणि पिथियम यांचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात, त्यामुळे साचलेले पाणी ही त्यांच्यासाठी शब्दशः वाहतुकीची सोय ठरते.

पहिली तपासणी: जागा, पागोळी आणि बशी

या तपासणीला पैसा लागत नाही, फक्त पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाहेर उभे राहावे लागते. कुंडी कौलांच्या पागोळीखाली आहे का, हे आधी पाहावे. उघड्यावर पडणारा पाऊस आणि पागोळी यांत मोठा फरक आहे, कारण छपराच्या संपूर्ण उताराचे पाणी त्या एका रेघेत उतरते. पडवीच्या कडेला 'जरा आडोसा मिळावा' म्हणून ठेवलेल्या कुंड्या नेमक्या त्या रेघेत येतात. वीतभर आत किंवा हातभर बाहेर सरकवल्याने वाचलेली झाडे माझ्या आठवणीत कोणत्याही औषधाने वाचलेल्या झाडांपेक्षा अधिक आहेत.

कुंडीखालची बशी मृगाच्या आधीच काढून टाकावी. कुंडी सपाट फरशीवर बसली असेल, तर तळाचे भोक फरशीवर चिकटून बंद झालेले असते, म्हणून ती चिऱ्याच्या किंवा फरशीच्या तीन तुकड्यांवर उचलून ठेवावी आणि मग काडीने भोक मोकळे करावे. गांडुळांची विष्ठा, मुंग्यांची माती किंवा रोपवाटिकेने आत लावलेली प्लॅस्टिकची जाळी यांपैकी काहीतरी तिथे बहुतेक वेळा सापडतेच. शोभेच्या चिनी मातीच्या कुंड्यांना अनेकदा भोकच नसते, आणि अशा कुंडीचे निदान करण्यात वेळ घालवू नये.

दुसरी तपासणी: हिराची काडी आणि लिटरभर पाणी

खराट्यातला माडाचा एक सुका हीर घेऊन तो कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसावा आणि दहा मिनिटांनी बाहेर काढावा. हीर जितका ओला व काळपट निघेल तितक्या खोलीपर्यंत ओल आहे. हे इतके साधे परीक्षण महत्त्वाचे अशासाठी की अगेव्हच्या कुंडीत वरची खडी कोरडी ठणठणीत दिसत असताना खालचा अर्धा भाग चिखल असू शकतो. सलग पाच दिवस पावसाबाहेर ठेवूनही हीर तळाशी ओलाच निघत असेल, तर दोष जागेचा नसून मातीचा आहे.

मग लिटरभर पाणी एकदम ओतून पाहावे. चांगल्या भरणात पाणी पृष्ठभागावर थांबतच नाही आणि काही सेकंदांत तळातून धार लागते. ते वर तळे करून मिनिटभर उभे राहत असेल, तर बारीक मातीने पोकळ्या बुजल्या आहेत. ही चाचणी अर्थातच आधीच बसलेल्या झाडावर न करता त्याच भरणातल्या शेजारच्या निरोगी कुंडीवर करावी.

तिसरी तपासणी: गाभ्यात काय साचले आहे

अगेव्हची पाने चहूबाजूंनी गाभ्याकडे उतरतात, त्यामुळे मधोमध एक वाटी तयार होते, आणि त्या वाटीत आंब्याचा मोहोर, माडाची गळलेली फुले, शेवाळलेली पाने असे काहीही येऊन अडकते. नुसते पावसाचे पाणी तिथे दिवसभर राहिले तरी फारसे बिघडत नाही. ते सडणाऱ्या कचऱ्यासह आठवडाभर राहिले की कोंबाच्या कोवळ्या तळाला कूज लागते. लांब चिमट्याने कचरा काढावा, मग सायकलच्या पंपाने किंवा फुंकणीने पाणी उडवावे. कुंडी हलवता येण्यासारखी असेल, तर एका बाजूला विटेचा तुकडा सरकवून ती पावसाळाभर थोडी कलती ठेवावी, म्हणजे गाभ्यातले पाणी आपोआप ओघळून जाते. हे दिसायला विचित्र असते आणि पाहुणे हमखास विचारतात.

मी गमावलेले सर्वांत सुंदर झाड इथेच गमावले. व्हिक्टोरिया-रेजिनी नावाची, पानांवर चुन्याने रेखल्यासारख्या पांढऱ्या रेषा असलेली ती जात मी एका रोपवाटिकेतून आणली, मायेपोटी शेणखत घातलेल्या तांबड्या मातीत लावली आणि आंब्याच्या सावलीत ठेवली. जुलैत ते झाड इतके टवटवीत दिसत होते की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मधला कोंब सरळ करायला म्हणून हात लावला, आणि संपूर्ण गाभा टोपीसारखा निघून आला. त्या झाडाच्या बाबतीत मी पहिल्या तिन्ही तपासण्यांत नापास झाले होते.

याच वेळी पानांच्या बगला पाहून घ्याव्यात. पिठ्या ढेकूण असल्यास कापसाचा बोळा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये बुडवून पुंजके टिपून काढावेत आणि मुंग्यांची वाट बंद करावी, कारण मुंग्याच त्यांना पोसतात व एका कुंडीतून दुसरीत नेतात. निंबोळी तेलाचा मारा मी अगेव्हवर टाळते. तेलाने पानांवरचा निळसर मेणाचा थर उतरतो आणि तो थर त्या पानांवर पुन्हा येत नाही.

चौथी तपासणी: झाड उपटून मुळे पाहणे

इथपर्यंत कारण सापडले आणि झाड डुलत नसेल, तर उपटण्याची घाई करू नये. ते डुलत असेल किंवा खालची पाने लिबलिबीत होत असतील, तर मात्र पाऊस थांबण्याची वाट पाहणे चुकीचे आहे, कारण उबदार ओलीत कूज बुंध्यात शिरायला फार दिवस लागत नाहीत.

आधी काळजीचे. अगेव्हच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यामुळे त्वचेला तीव्र खाज, लाली व फोड येऊ शकतात. लांब बाह्यांचा सदरा, जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हे तिन्ही हवेत. पानांचे काटे टोकाला नखकटरने बोथट करून घेतले, तर झाडाचे काही बिघडत नाही आणि आपले डोळे सुरक्षित राहतात. यंत्राने कापणी कधीही करू नये, कारण रस अंगभर उडतो.

झाड बाहेर काढल्यावर माती झटकून मुळे बोटांत धरून ओढावीत. जिवंत मूळ घट्ट असते, आतून पांढरे किंवा पिवळसर; मेलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निसटते आणि आत बारीक दोरा उरतो. याच वेळी मुळांच्या मधोमध बोटे घालून पाहावे, कारण पुष्कळ झाडांच्या मृत्यूचे कारण तिथे दडलेले असते. रोपवाटिकेत रोप कोकोपीटच्या लहानशा गोळ्यात वाढवलेले असते, आपण तो गोळा न मोडता नव्या भरणात बसवतो, आणि भोवतालची खडी दोन दिवसांत कोरडी होत असताना तो गोळा भिजलेल्या स्पंजासारखा महिनोन्महिने ओला राहतो. नेमका तोच भाग बुंध्याला टेकलेला असतो. नवीन आणलेल्या प्रत्येक रोपाचा हा गोळा मी आता मे महिन्याआधी पाण्यात सोडवून, बोटांनी पूर्ण काढून टाकते.

कुजलेली सर्व मुळे कापावीत, नंतर बुंध्याचे पातळ काप खालून वर घेत जावेत. काप पांढराशुभ्र आणि टणक दिसेपर्यंत थांबू नये. त्यात तपकिरी किंवा लालसर ठिपका, रेघ, वर्तुळ यांपैकी काहीही दिसत असेल, तर कूज अजून वर आहे. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसावी, कारण तीच सुरी रोग वर चढवते. स्वच्छ काप मिळाल्यावर त्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची कोरडी भुकटी चोळावी. दालचिनीची पूड लावणारेही आहेत. मी लावून पाहिली आहे, त्याने वाईट झाले नाही आणि चांगलेही विशेष झाले नाही.

यानंतरचा टप्पा आपल्याकडे सर्वांत अवघड आहे, आणि तो म्हणजे वाळवणे. कोरड्या हवेत चार-पाच दिवसांत काप सुकून खपली धरतो, म्हणून बहुतेक ठिकाणी तेवढेच दिवस सांगितलेले असतात. जुलैतल्या गोव्यात तेवढ्या दिवसांत कापावर बुरशीच येते. झाड घरात आणून, उलटे टांगून किंवा जाळीवर आडवे ठेवून, त्यावर हळू पंखा लावून ठेवावा. निदान दहा ते पंधरा दिवस लागतात. मुळांशिवाय झाड तेवढ्यात मरेल ही भीती निराधार आहे, कारण पानांत साठवलेल्या पाण्यावर मोठा अगेव्ह महिना-दोन महिने सहज काढतो. खपली कडक झाल्यावर कोरड्या भरणात, बुंधा जेमतेम टेकेल इतकाच, तीन दगडांच्या आधाराने उभा करावा आणि तीन आठवडे पाणी घालू नये. पहिले थेंब मुळे फुटल्याची खूण दिसल्यावरच, म्हणजे झाड हलवल्यास किंचित विरोध करू लागल्यावर.

पाचवी तपासणी: भरण मुळापासून बदलणे

आपली तांबडी जांभी माती झाडांना चांगली म्हणून प्रसिद्ध आहे आणि जमिनीत ती तशी असतेही, पण कुंडीत सततच्या पावसाने ठोकली जाऊन ती विटेसारखी दबते. माझे भरण असे असते: तीन भाग ६ ते १० मिलिमीटरची काळ्या दगडाची खडी, चाळून भुकटी काढलेली आणि धुतलेली, एक भाग करवंटीच्या कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे, एक भाग तांबडी माती आणि जुने गांडूळखत मिळून. पावसाबाहेर, पडवीत राहणाऱ्या झाडांना मातीचा भाग दुप्पट चालतो. चिऱ्याचा चुरा फुकट मिळतो म्हणून तो वापरण्याचा मोह होतो, परंतु मऊ जांभा दोन-तीन पावसाळ्यांत झिजून त्याचीच माती होते आणि पोकळ्या बुजतात. वापरायचाच असेल, तर कडक खडे निवडून घ्यावेत. किनाऱ्यावरची वाळू आणू नये. तिच्यात मीठ असते आणि ती इतकी बारीक असते की निचऱ्याला उपयोग होत नाही.

तळाशी खापऱ्यांचा जाड थर घालण्याची जुनी पद्धत मी सोडली आहे. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत पाणी बारीक मातीतून जाड खापऱ्यांत उतरत नाही, त्यामुळे तळाचा चिखलाचा पट्टा नाहीसा न होता केवळ वर सरकून मुळांजवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे. कुंडी मात्र भाजक्या मातीची, न रंगवलेली असावी. डिचोलीच्या कुंभारांकडच्या साध्या कुंड्या सिमेंटच्या किंवा प्लॅस्टिकच्या कुंड्यांपेक्षा कितीतरी लवकर सुकतात, आणि त्यांवर हौसेने तैलरंग दिला की तो गुण संपतो.

जमिनीत लावलेल्या झाडांसाठी हेच काम मोठ्या प्रमाणात करावे लागते: चिऱ्याच्या तुकड्यांचा व खडीचा निदान दीड फूट उंचीचा ढीग करून झाड त्याच्या माथ्यावर, शक्यतो कलते लावावे. सपाट हिरवळीत खड्डा खणून लावलेला अगेव्ह म्हणजे पावसाळ्यात पाण्याच्या वाटीत बसवलेला अगेव्ह.

औषध केव्हा

बुरशीनाशक या क्रमात इतके खाली आहे याचे कारण असे की ताम्रयुक्त औषधे निरोगी भागाचे रक्षण करतात. बुंध्यात शिरलेली कूज ती बाहेर काढू शकत नाहीत. त्यांची खरी वेळ मेची अखेर ही आहे. कुळागरात पोफळींवर एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण मारले जाते त्या दिवसांतच मी घायपात व करपा येणाऱ्या जातींवर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात फवारते आणि पावसाची मोठी उघडीप मिळाल्यास जुलैत पुन्हा एकदा. निळसर डाग पडतात. प्रदर्शनीय झाडे म्हणूनच फवाऱ्यापेक्षा छपराखाली बरी. करप्याचे डाग पडलेली पाने कापून घराबाहेर टाकावीत, कंपोस्टात घालू नयेत.

झाडच चुकीचे असेल तर

दोन पावसाळे वरील सर्व करूनही एखादी जात कुजत असेल, तर ती जातच इथल्या हवेची नाही असे मी धरते. अँगुस्टिफोलिया मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेच्या उष्ण प्रदेशापर्यंत पसरलेली आहे, आणि ती इथे चिऱ्याच्या कुंपणावर उघड्या पावसात टिकते. सिसालाना, डेस्मेटियाना आणि अमेरिकाना उंचवट्यावर चांगल्या राहतात. बिनकाट्याची अटेन्युआटा डोंगराळ भागातली असल्याने तिला दुपारची सावली आणि मोकळा वारा हवा. टिटानोटा, पोटाटोरम आणि माझी ती व्हिक्टोरिया-रेजिनी यांना जून ते सप्टेंबर छप्पर अनिवार्य आहे. पारदर्शक पत्र्याचे असले तरी चालते, बाजू मात्र उघड्या हव्यात. पॅरीचे मी नाव सोडले. ॲरिझोना-न्यू मेक्सिकोकडच्या थंड, कोरड्या हिवाळ्यांची ती जात. गोव्याच्या किनारी भागात जानेवारीतल्या रात्रीसुद्धा १८ अंशांखाली क्वचितच जातात.

नात्यातल्या व शेजारच्या इतर झाडांबद्दल थोडक्यात: सान्सेव्हेरिया आणि फर्क्रिया अगेव्हपेक्षा सोशिक आहेत. कोरफड कुजते तेव्हा तिचा वरचा शेंडा कापून वाळवून लावणे हा मुळे वाचवण्यापेक्षा सोपा मार्ग आहे. अडेनियमचा फुगीर बुंधा बोटाने दाबून पाहावा, मऊ लागल्यास त्याच दिवशी कापावे. एचेवेरियाचा हट्ट या किनाऱ्यावर धरू नये.

केव्हा थांबावे आणि कोणाला बोलवावे

बुंधा कापत वर गेल्यावर पानांच्या सांध्यापर्यंत तपकिरी रंग दिसत असेल, किंवा कोंब हातात येऊन त्याखालचा भाग लगदा झाला असेल, तर झाड संपले आहे. वाढीचा बिंदू एकच असतो आणि तो गेल्यावर पुढचे कापणे म्हणजे केवळ रसाने हात खाजवून घेणे. पिल्ले वेगळी करून, त्यांचे काप तपासून, वाळवून लावावीत; जुनी माती फेकावी आणि कुंडी घासून उन्हात तापवावी.

जमिनीतला अमेरिकाना मीटर-दीड मीटरहून मोठा झाला असेल, भिंतीला लागून असेल किंवा वाटेच्या कडेला असेल, तर तो घरच्या घरी काढू नये. ओल्या पानांसह त्याचे वजन अनपेक्षितपणे जास्त असते आणि उताराच्या चिखलात पाय घसरला तर काटे तोंडाच्या उंचीवर येतात. अशा कामाची सवय असलेला माळी व दोन माणसे लावावीत.

बुंध्यात भोके दिसली, त्यांतून चोथा व तपकिरी रस गळत असेल किंवा जाड पांढुरकी अळी सापडली, तर ती नुसती कूज नाही. माडाला पोखरणारा लाल सोंड्या भुंगा अगेव्ह अमेरिकानावरही आढळल्याची नोंद आहे, आणि आपल्या भोवती माड आहेत. झाड उघड्यावर न फेकता तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयाला कळवावे. एकाच आठवड्यात वेगवेगळ्या जागच्या पाच-सहा झाडांना कूज लागली आणि वरील कोणत्याही तपासणीत कारण सापडले नाही, तरी तसेच करावे. उत्तर गोव्याचे कृषी विज्ञान केंद्र जुने गोवे येथे एला भागातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या आवारात आहे. नमुना नेताना कुजलेला आणि निरोगी असे दोन्ही भाग एकत्र असलेला तुकडा कागदात गुंडाळून न्यावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, कारण पिशवीत तो वाटेतच इतका सडतो की मूळ रोग ओळखता येत नाही.

काटा डोळ्याला लागला, सांध्यात मोडून राहिला किंवा टोचलेली जागा दुसऱ्या दिवशी सुजून लाल झाली, तर हळद लावून वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि काटा अगेव्हचा होता हे त्यांना सांगावे.